परटाची खूण

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, कुलस्वामिनीच्या आणि खंडोबाच्या टाकांशेजारी, एक तांब्याचे नाणे असे. ते आजोबांनी आणलेले. पहिल्या महायुद्धात ते रसदखात्यात कारकून म्हणून बसऱ्यास गेले होते. १९१९ साली परत आले ते हिवतापाने पिवळे पडून, आणि बरोबर बगदादच्या बाजारात घेतलेली एक सुरई, थोडे खजूर व हे नाणे. सुरई फुटली, खजूर संपले, नाणे तेवढे राहिले.

नाण्याच्या एका बाजूस कोणा पुरुषाचे मस्तक होते. दुसऱ्या बाजूस पानांची गोल माळ, माळेच्या आत दोन मोठी रोमन अक्षरे, एस् आणि सी, आणि त्यांच्या खाली एक चिमुकला त्रिकोण. या त्रिकोणामुळेच नाणे देव्हाऱ्यात गेले. आजीचे म्हणणे असे की तो देवीच्या यंत्रातला त्रिकोण. ज्या देशात तो सापडला तेथेही जगदंबा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आजोबा हसत, पण वाद घालीत नसत. त्यांचे भांडण फक्त दसऱ्याच्या आदल्या दिवशी होई. त्या दिवशी टाकांबरोबर नाणेही चिंच-मीठ लावून घासले जाई आणि आजोबा माजघरातून ओरडत, "अहो, त्याची कातडी सोलू नका!" आजीला ते ऐकू जात नसे. मी दहा वर्षांचा झालो तेव्हा हे घासण्याचे काम मजकडे आले. मी चिंचेच्या जोडीला विटेची पूडही घेतली. नाणे असे लखलखले की सांगता सोय नाही, आणि आजीने मला एक लाडू जास्त दिला.

त्या लाडवाची किंमत मला पुढे कळली.

महाविद्यालयात असताना ग्रंथालयातल्या एका चित्रसंग्रहात मला अगदी तसेच नाणे दिसले. मस्तक रोमचा सम्राट ट्राजन याचे. याची कारकीर्द इसवी सन ९८ ते ११७. नाणे अँटिऑक शहरचे. हे शहर तेव्हा सिरिया प्रांताची राजधानी होते. आज त्याला अंताक्या म्हणतात आणि ते तुर्कस्तानात आहे. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. भूकंप या शहराला नवा नाही. ११५ साली तेथे मोठा भूकंप झाला तेव्हा खुद्द ट्राजन शहरात मुक्कामास होता. तो खिडकीवाटे निसटला आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात काही दिवस उघड्यावर राहिला, असे डिओ हा इतिहासकार सांगतो. त्याच कारकीर्दीतले आमचे नाणे. एस् आणि सी ही सीनेटच्या ठरावाची आद्याक्षरे. मस्तकाभोवतीचा मजकूर मात्र ग्रीक, कारण त्या मुलखाची शिष्ट भाषा ग्रीक होती. रोमची सत्ता, ग्रीक बोली आणि गावचे नाणे, असा हा मेळ आहे. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात पाचशेहून अधिक गावांनी अशी आपापली नाणी पाडली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या जुन्या घरांतून ज्यांनी ठिकठिकाणचे रुपये एका डब्यात पाहिले आहेत, त्यांना या कारभाराचे नवल वाटणार नाही.

आता उरला तो त्रिकोण. ग्रीक लिपीत त्रिकोण म्हणजे डेल्टा हे अक्षर. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत: आल्फा म्हणजे एक, बीटा दोन, गॅमा तीन, डेल्टा चार. त्याच सुमारास मी वाचले की रोमनांच्या मोठ्या टांकसाळीत काम निरनिराळ्या कारखान्यांत वाटलेले असे आणि प्रत्येक कारखाना आपल्या नाण्यावर आपला क्रमांक घाली. शिवकालापासून आपल्याकडे अठरा कारखाने, बारा महाल असा शब्दप्रयोग आहे. त्यातलाच कारखाना हा शब्द मी येथे वापरतो. झाले! त्रिकोण म्हणजे चार, चार म्हणजे चौथा कारखाना. पुढे एका गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात मी नाणे मखमलीवर ठेवले आणि शेजारी वळणदार अक्षरांत पाटी लिहिली: "अँटिऑकच्या टांकसाळीतील चौथ्या कारखान्याचे नाणे." आजीच्या जगदंबेला मी पदच्युत केले याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता!

तिसऱ्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी चष्मा वर करून पाटी वाचली, नाणे पाहिले आणि फार मऊपणे विचारले, "या रांगेतली आणखी किती पाहिलीत आपण?" मी म्हणालो, "हे एकच." ते "बरं, बरं" म्हणाले आणि पुढच्या टेबलावरच्या अडकित्त्यांकडे वळले.

त्यांच्या त्या दोन "बरं"चा अर्थ समजायला मला पुष्कळ वर्षे लागली. तोच आज सांगावयाचा आहे.

परटाकडे कपडे टाकण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की धोतराच्या किंवा सदऱ्याच्या आतल्या कोपऱ्यावर परीट बिब्ब्याने एक बारीकशी खूण करी. दोन ठिपके, एक फुली, एक रेघ. सदरा ज्याचा तो ती खूण जन्मभर अंगावर वागवी, पण तिचा अर्थ त्याला ठाऊक नसे. ती त्याच्यासाठी नव्हतीच. परटाने परटासाठी केलेली ती नोंद होती. नाण्यावरचे बाकी सगळे लोकांसाठी असते: राजाचे तोंड, त्याच्या पदव्या, देवता, माळ. कोपऱ्यातली ही अक्षरे व ठिपके मात्र टांकसाळीतल्या माणसांनी टांकसाळीतल्याच माणसांसाठी केलेली असतात.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. आज आपल्या खिशातल्या नाण्यावर वर्षाच्या खाली पाहावे. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. ही टांकसाळीची खूण झाली. मुंबईच्या टांकसाळीत कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हाताखाली ते नाणे निघाले हे ती सांगत नाही. कारखान्याची खूण याच्या एक पायरी आत जाते.

आणि आत जाण्याचे कारण असे की नाणे हातोडीने पाडले जाई. ऐरणीत एक ठसा पक्का बसवलेला, बहुधा मस्तकाचा. त्यावर धातूची तापवलेली चकती ठेवावयाची, वरून दुसरा ठसा धरावयाचा आणि घण मारावयाचा. वरचा ठसा घणाचा मार थेट खातो म्हणून तो लवकर फुटतो आणि पुन:पुन्हा नवा खोदावा लागतो. आमच्या नाण्यावरचे अक्षर माळेच्या, म्हणजे या वरच्या ठशाच्या बाजूस आहे. दर नव्या ठशावर ते आठवणीने पुन्हा खोदले गेले. कोणाला तरी ते पाहिजे होते, एवढे यावरून नक्की. रोममध्ये ११५ सालचा, म्हणजे त्या भूकंपाच्याच वर्षाचा, एक शिलालेख सापडला आहे. टांकसाळीतल्या लोकांनी तो देवतेला अर्पण केला आहे. त्यात ठशांचे काम पाहणारे, चकती मांडणारे आणि घण मारणारे असे निरनिराळे कामकरी नोंदलेले असून वर फेलिक्स नावाचा, सम्राटाने दास्यातून मुक्त केलेला एक देखरेखीचा अंमलदार आहे. चकती मांडणाऱ्याचा हुद्दा वाचला की माझी बोटे आपोआप आखडतात.

आता खूण कारखान्याचीच आहे हे ओळखावयाचे कसे? याचे सर्वांत सुरेख उदाहरण खुद्द रोमचे आहे. २४८ साली रोम शहराला एक हजार वर्षे झाली म्हणून फिलिप या सम्राटाने मोठा उत्सव केला. रिंगणात दूरदूरची जनावरे आणली आणि तीच नाण्यांवरही घातली. या नाण्यांच्या तळाशी एक ते सहा असे रोमन आकडे आहेत. नाणी रांगेने मांडली म्हणजे गंमत दिसते. एकचा आकडा सिंहाखाली, दोनचा जुळ्या बाळांना पाजणाऱ्या लांडगीखाली. तीन हा सम्राटाच्या मुलाच्या नाण्यावर येतो. चार सम्राज्ञी ओटॅसिलिया हिच्या नाण्यावर, आणि तिच्या वाट्याला आला आहे पाणघोडा! (हा वाटा कोणी ठरवला असेल त्याच्या धाडसाचे कौतुक केले पाहिजे.) पाच आणि सहा सांबर-हरणांच्या जातीकडे. प्रत्येक आकडा आपले जनावर आणि आपले माणूस सांभाळून असतो. अशी शिस्त दिसली म्हणजे काम सहा ठिकाणी वाटून दिले होते असे म्हणता येते. केवळ आकडा आहे म्हणून नव्हे, तर आकड्याची वागणूक तशी आहे म्हणून.

अँटिऑकमध्येही पुढे अशीच पद्धत दिसते. २४९ ते २५१ मध्ये डेशियस सम्राटाच्या वेळी तेथील मोठ्या नाण्यांवर, ज्यांत चांदी नावापुरती राहिली होती, सम्राटाच्या मुखवट्याखाली ठिपके आहेत: एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. त्याच्या मागून आलेल्या गॅलसच्या नाण्यांवर गरुडाच्या पायांमध्ये आल्फा, बीटा, गॅमा अशी अक्षरे येतात. याला कारखान्यांचे क्रमांक समजण्यात अभ्यासकांना फारशी अडचण वाटत नाही. २५३ च्या सुमारास इराणच्या शापूरने शहर घेतले आणि ही प्रांतिक नाणी तेथे थांबली.

म्हणजे माझा तर्क अगदीच वेडा नव्हता. पण तो सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरच्या रिवाजावरून केलेला होता. शिवाय नाण्यावरचे एकटे अक्षर किती फसवे असते याचा मला तेव्हा पत्ता नव्हता. डॅन्यूब नदीच्या खालच्या अंगाला मार्सियानोपोलिस नावाचे शहर होते. तेथल्या नाण्यांवर समोरासमोर दोन मुखवटे आणि मागे एप्सिलॉन, म्हणजे पाच, असे अक्षर सापडते. पाचवा कारखाना? नव्हे. तो नाण्याचा भाव आहे, पाच अस्सारियांचे नाणे. खियॉस बेटाच्या लोकांनी तर आपल्या नाण्यांवर भाव सबंध शब्दांत लिहून टाकला आहे. ते लोक मला फार आवडतात. विमिनाशियम येथे आकड्यापूर्वी जी दोन लॅटिन अक्षरे आहेत ती वर्षाची. अलेक्झांड्रियात एलसारखे एक चिन्ह आणि पुढे अक्षर, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष. तेव्हा तोच डेल्टा एका गावी चार पैशांचा, दुसऱ्या गावी चौथ्या वर्षाचा आणि तिसऱ्या गावी चौथ्या भट्टीचा असू शकतो.

आणि आमच्या ट्राजनचे काय? याच्या नाण्यांची रांग लावली म्हणजे माळेतली अक्षरे आल्फापासून सुरू होतात आणि दहाच्याही पुढे जातात. एवढे कारखाने एका तांब्याच्या नाण्यासाठी? आणखी असे की आसपासच्या बेरोइया, म्हणजे आजचे अलेप्पो, तसेच सिऱ्हस, हिएरापोलिस, झ्यूग्मा या गावांच्या नाण्यांवरही तशीच माळ आणि तशीच अक्षरे येतात. केविन बुचर यांनी उत्तर सिरियाच्या नाण्यांवरचा आपला मोठा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला, रिचर्ड मॅकअली यांनी अँटिऑकच्या नाण्यांवरचा २००७ साली. असे ग्रंथ चाळले म्हणजे दिसते की या अक्षरांना कोणी कारखाने समजतात, कोणी एकामागून एक काढलेल्या खेपा. काहींच्या मते या शेजारच्या गावांची नाणी एकाच ठिकाणी पाडून पाठवली जात. निर्णय करण्याची रीत एकच, आणि ती चिकाटीची आहे. ठशांची जुळणी करावयाची. मस्तकाचा एकच ठसा, त्याच ओरखड्यासह, जर डेल्टाबरोबर आणि आल्फाबरोबरही आढळला, तर एक तर हे दोन कारखाने एकाच ऐरणीपाशी बसत होते, किंवा ती अक्षरे मुळी कारखान्यांची नव्हतच. त्यासाठी एक नाणे पुरत नाही. शेकडो लागतात. वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचा अर्थ हा होता.

ठसे जुळवण्याच्या या रीतीने केवढी उलथापालथ होते ते कोनराड क्राफ्ट या जर्मन विद्वानाच्या १९७२ साली निघालेल्या ग्रंथाने दाखवून दिले. आशिया मायनरमधल्या गावांची नाणी त्याने तपासली. गाव वेगळे, देव वेगळा, मजकूर वेगळा, पण सम्राटाच्या मस्तकाचा ठसा तोच! असे एकदा-दोनदा नव्हे, पुष्कळदा. तोवर समजूत अशी की प्रत्येक गावाची आपली टांकसाळ आणि आपला खोदणारा. क्राफ्टच्या मते थोडेसे कारखाने अनेक गावांची कामे घेत. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तसे हे आहे. रावपुऱ्यातल्या छापखान्यात गणपतीचा ठोकळा एकच. त्याच्याखाली आज एका घराण्याचे नाव, उद्या दुसऱ्याचे. गणपतीचा उजवा कान थोडा झिजलेला असला की जाणता मनुष्य पत्रिका हातात घेताच छापखाना सांगतो, तळाशी नाव छापलेले असो वा नसो. क्राफ्टने कान पाहिला. कारखान्याची खरी खूण पुष्कळदा अक्षरात नसतेच, हाताच्या वळणात असते.

मग अक्षर घालावयाचेच कशाला? उघड आहे: नाणे हलके निघाले, धातू खोटा निघाला, तर कोणाला जाब विचारावयाचा यासाठी. आणि हा जाब साधा नव्हता. २७१ च्या सुमारास ऑरेलियन सम्राटाच्या वेळी रोमच्या टांकसाळीतल्या कामगारांनी बंड केले. त्यांचा पुढारी फेलिसिसिमस हा हिशेबखात्याचा वरिष्ठ अंमलदार होता. ऑरेलियस व्हिक्टर नावाचा लेखक सांगतो की या लोकांनी नाण्यांवरची खूण खरवडली होती आणि शिक्षेच्या भयाने ते लढाईला उठले. कीलियन टेकडीवरच्या चकमकीत सुमारे सात हजार लढवय्ये पडले. आकड्यात अतिशयोक्ती असेल. 'खूण खरवडली' याचा नेमका अर्थ काय यावरही विद्वान भांडतात. कोणी म्हणतात चांदी चोरली, कोणी म्हणतात वजन घटवले. पण टांकसाळीच्या लोकांच्या अपराधाला हेच शब्द त्या लेखकाला सुचले, हे मला विसरता येत नाही. त्यानंतर, २७४ च्या सुमारास, ऑरेलियनने नाणेपद्धती सुधारली, आणि त्या काळापासून कारखान्याची अक्षरे सर्व साम्राज्यात अधिकाधिक नियमाने येऊ लागतात.

नियम आला तरी माणसाचे भय काही गेले नाही. ग्रीक आकड्यांत नऊ म्हणजे थीटा, आणि 'थानातोस', म्हणजे मृत्यू, या शब्दाचे पहिले अक्षरही थीटाच. चौथ्या शतकात अँटिऑकचा नववा कारखाना म्हणून थीटा न लिहिता डेल्टा व एप्सिलॉन, चार आणि पाच, असे लिहिताना आढळतो. अलेक्झांड्रियातही त्यापूर्वी नववे वर्ष पुष्कळदा आकड्याऐवजी शब्दाने लिहीत. दुकान वाढवले, कुंकू वाढले असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. या चौथ्या-पाचव्या शतकांतली बारीक तांब्याची रोमन नाणी तामिळनाडूत करूरच्या नदीपात्रात आणि मदुरेकडे पुष्कळ सापडली आहेत, आर. कृष्णमूर्ती यांनी १९९४ साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्यांच्या तळाशी अँटिऑक, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल यांची आद्याक्षरे असतात. पुष्कळांची ती झिजून गेली आहेत. हजारो हातांनी ती झिजवली.

आमच्या नाण्याचे अक्षर मात्र थोड्याच हातांनी झिजवले. ते कसे कळले तेवढे सांगतो. आजोबांचे एक जुने टिपणवही आमच्या माळ्यावरच्या पेटीत होती. गेल्या वर्षी घर सोडण्याची वेळ आली तेव्हा ती बाहेर निघाली. बगदादचा हिशेब, साबण, टपाल, हजामत. आणि मधल्या एका पानावर नाण्याचा ठसा. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली म्हणजे उमटतो तसा. खाली तारीख, १९१९ मधली. आजीने अद्याप त्याला हात लावलेला नव्हता आणि माझा तर जन्मही नव्हता. माळेची पाने एकेक मोजता येत होती. एस्, सी. खाली त्रिकोण. पण त्रिकोणाला दोन पाय होते. आडवी रेघ तळाशी नव्हती, मध्यावर होती.

ते आल्फा होते. दर दसऱ्याला आम्ही त्याचे पाय घासून टाकले, आणि वरचा भाग त्रिकोण म्हणून उरला. आजीने त्याला देवी म्हटले, मी चार म्हटले.

नाणे आता कापसात आहे, चिंचेपासून दूर. जुनी पाटी मी फाडली नाही, तिच्या मागल्या कोऱ्या बाजूवर नवी लिहिली: "अँटिऑक. ट्राजन. माळेत खाली एक अक्षर, आल्फा. कारखाना की खेप, ठरलेले नाही. १९१९ चा पेन्सिल-ठसा सोबत पाहावा."